वाढवलेला पाटा

आमच्या धंद्यात सगळ्यात आधी शिकवतात ते गाडीच्या मागे उकिडवं बसायला. हत्यार पुढे हातात येतं. आधी गाडीपासून चार पावलं लांब जायचं, उकिडवं बसायचं आणि गाडी बसलीय का ते बघायचं. 'बसली' म्हणजे वजनानं मागून दबली. ट्रक, जीप, जुनी व्हॅन यांच्या एक्सलला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आसाला, पोलादी पट्ट्यांची चळत बांधलेली असते. या पट्ट्यांना आम्ही पाटे म्हणतो. रिकाम्या गाडीचा पाटा हसल्यासारखा वाकलेला दिसतो. माल भरला की तो हळूहळू सरळ होतो. फारच भरला तर उलटा वाकतो, तोंड पाडल्यासारखा. मी कोल्हापुरात, उद्यमनगरात, सगळा जन्म या पाट्यांवर काढला. मला येसबा मिस्त्री म्हणायचे.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहा म्हणून सांगितलंय. गमती आहेत. स्टँडवरच्या एका टॅक्सीवाल्याची गाडी सारखी बसायची. मी पाटे तापवून, वाकवून द्यायचो, तो पुन्हा हजर. शेवटी म्हटलं, "काय भरतोस तरी काय?" तर म्हणाला, "मिस्त्री, पासिंगपेक्षा एक माणूस कमीच नेतो की. तालमीतली पोरं न्हेतो कुस्तीच्या मैदानाला." मी म्हटलं, "अरं मग पैलवान मोजताना एकास दोन धर." त्यानं हे तसंच्या तसं जाऊन पैलवानांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात पाच जण उभे. "आमास्नी डबल म्हणालासा व्हय?" दूध पाजून सुटका करून घेतली. चहा ते घेत नव्हते.

त्या बोलण्यात 'पासिंग' शब्द आला. पासिंग म्हणजे गाडीनं किती न्यावं हे सरकारी कागदावर लिहिलेलं असतं ते. आमच्याकडचे ट्रकवाले ते पाळायचं सोडा, त्याच्यावर किती जास्त नेतो ते छाती काढून सांगायचे. त्यांची छाती फुगायला आम्ही मदत करायचो. गाडी बसायला लागली की मालक म्हणायचा, "मिस्त्री, एक पाटा वाढवा." आम्ही चळतीत एक जादा पट्टी घालून द्यायचो. गाडी ताठ उभी राहायची. मालक खूश, आम्हीही खूश.

पाटा वाढवल्यानं काय होतं हे बाहेरच्या माणसाला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. गाडीचं बळ त्यानं वाढत नाही. एक्सल तोच असतो, टायर तेच, ब्रेकही तेच. वाढतो तो फक्त ताठपणा. पहिल्यांदा गाडी दबून सांगत होती की मला हे जड होतंय. आता ती सांगायची बंद होते. हे मला तेव्हा कळत नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. कळत होतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. त्या वर्षांत गोऱ्या पोरापोरींच्या गाड्या गोव्याला जाताना आमच्या रस्त्यानं जायच्या. गाडीतच बिछाना, गाडीतच चूल. असलीच एक विलायती व्हॅन, आधीच म्हातारी झालेली, कुठे तरी अडकली, कस्टमच्या लिलावात निघाली आणि आमच्या इनामदार वकिलांनी घेतली. वकीलसाहेब हौशी माणूस. बायकोमुलांना घेऊन गाडीतच राहत हिंडायचं, वाटेत झाडाखाली स्वयंपाक करायचा, असं त्यांच्या डोक्यात होतं. गाडी माझ्याकडे आणली तेव्हा निम्मं उद्यमनगर बघायला गोळा झालं होतं.

"येसबा, चालतं घर करून द्यायचं हे. जमेल?"

"जमेल म्हणजे? बंगला करून देतो, साहेब," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

आणि लागलो कामाला. आतली मूळची कपाटं पातळ फळीची, भुगा झालेली. मी सागवानी करून घेतली. मागच्या बाजूला पाण्याची टाकी बसवली. दोन बाक केले, त्याखाली सामानाच्या पेट्या. वकीलसाहेबांच्या मंडळींना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या अधूनमधून यायच्या आणि काही ना काही वाढवून जायच्या. एक दिवस म्हणाल्या, "मिस्त्री, माझ्या पाट्याला कुठं जागा?"

मला वाटलं गाडीच्या पाट्याचं विचारतायत. म्हटलं, "वहिनी, तो खाली असतो."

"खाली कसा? खाली बसून मी वाटण वाटू होय?"

त्यांचा पाटा-वरवंटा. मिक्सर त्यांना चालत नसे आणि घाटात असता तरी वीज कुठली. सगळे हसले. मी मागच्या बाकाशेजारी फळीचा एक कट्टा करून दिला. दगड जड होता. दोन माणसांनी उचलून ठेवला. वहिनींनी विचारलं, "चालेल ना एवढं वजन?" मी म्हणालो, "ठेवा की. एक पाटा तुमचा, एक माझा."

या बोलण्याचं तेव्हा कौतुक झालं होतं.

पहिला मोठा प्रवास ठरला तो वहिनींच्या माहेरी, फोंडा घाट उतरून कोकणात. भावाकडे कार्य होतं. इथून न्यायचं म्हणजे गूळ आलाच, तीस-तीस किलोच्या ढेपांचा. आमच्याकडे ढेपेला रवा म्हणतात. गुळाचे रवे, तांदळाची पोती, भांडी, गाद्या, पाणी भरलेली टाकी. सामान भरून झालं आणि मी सवयीनं चार पावलं मागे जाऊन उकिडवा बसलो. पाट्याचं तोंड पडलं होतं.

जुन्या गाडीचं खरं वजन कळून घ्यायचा एकच सरळ मार्ग आहे. गाडी बनवणाऱ्यानं कुठे तरी पत्र्याची पाटी ठोकलेली असते. तिच्यावर तीन आकडे असतात. पुढच्या एक्सलवर जास्तीत जास्त किती, मागच्यावर किती आणि सगळ्या गाडीचं मिळून किती. मग गाडी प्रवासाला जाईल तशी, माणसांसकट भरायची आणि मोठ्या काट्यावर न्यायची. एकदा सगळी गाडी काट्यावर, एकदा नुसती पुढची चाकं, एकदा नुसती मागची. तिन्ही वजनं पाटीवरच्या तिन्ही आकड्यांच्या आत बसली पाहिजेत. एकूण वजन बसलं आणि मागचं एकट्याचं नाही बसलं, तर ते बसलं नाही असंच धरायचं. एवढं सोपं आहे. मी हे सगळं केलं. कुणाला वाटेल, न बघता केलं असेल. तसं नाही. दाराच्या आतली पाटी रंगाखाली गेली होती, ती खरवडून मीच वाचली. आकडे पौंडात होते, त्यांचे किलो मीच केले. मागच्या एक्सलला अकराशे किलोच्या आतच परवानगी होती.

मग एका साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावर गेलो. ओळखीचे काटेवाले होते. गाळप संपलं होतं, काटा मोकळा. सगळे गाडीत बसलेले. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "मलापण तोलताय होय? उसाच्या मोळीगत?"

काटेवाले म्हणाले, "मोळी बोलत न्हाय, वैनी."

पुढची चाकं झाली. मागची घेतली. काटेवाल्यांनी दांडीवरचं वजन सरकवत सरकवत आणलं आणि मला बोटानं दाखवलं. साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे गुळाचे आठ रवे जास्त, असा हिशोब माझ्या डोक्यात लगेच झाला. गाडीत रवे पाचच होते. म्हणजे सगळा गूळ काढूनही भागत नव्हतं. टाकी रिकामी करायला हवी होती, माझी सागवानी कपाटं काढायला हवी होती, तो दगड उतरवायला हवा होता. कपाटांना तर मीच हौसेनं वजन चढवलं होतं.

वकीलसाहेबांनी आतून विचारलं, "काय येसबा, बसतंय का?"

मी म्हणालो, "बसतंय, साहेब."

हिशोबात बसतंय का, असं ते विचारत होते. गाडी तर बसतच होती. मी खोटं बोललो नाही, असं मी मनाशी म्हटलं. या एका शब्दाच्या आड मी किती वर्षं लपलो, ते आता लिहितानासुद्धा लाज वाटते.

परत आल्यावर मी दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. विलायतवाले जपून आकडे लिहितात, आपल्याकडे एवढं चालतं, असं मनाशी म्हणत वाढवला. गाडी ताठ उभी राहिली. वकीलसाहेबांनी पाठ थोपटली.

आता गुंडूबद्दल सांगतो. गुंडू चौगले, गडमुडशिंगी गावचा, वकीलसाहेबांचा ड्रायव्हर. अंगानं किरकोळ, बोलायला कमी. गाडी चालवताना त्याची मान जरा पुढे असायची, इंजिन ऐकत असल्यासारखी. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं भरलेली गाडी पन्हाळ्याला नेऊन आणली. परतला तो सरळ माझ्याकडे. चहाची वेळ होती, कारखान्यातले आणि शेजारचे लोक बसले होते.

"मिस्त्री, गाडी लई जड वाटतीया. उतरताना ब्रेक लांब धरतोय. खाली आलो तर ब्रेकचा लायनर जळल्यागत वास आला."

मी विचारलं, "कितव्या गिअरात उतरलास?"

"दुसऱ्यात की. मी कवा वर घालतोय उतारावर?"

"मग तो वास तुझ्या विडीचा आसंल."

सगळे खदखदून हसले. गुंडू हसला नाही. म्हणाला, "एकदा चाकं खोलून बघूया का?"

"अरे, काट्यावर घालून आणलीय गाडी मी. तुला काय माझ्यापरास जास्त कळतंय? भ्या वाटत असेल तर साहेबास्नी सांग, दुसरा ड्रायव्हर बघतील."

तो गेला. दुसऱ्या ड्रायव्हरचं बोलणं त्याला लागलं असणार. घरात खाणारी तोंडं होती. सकाळी गाडी घेऊन तोच गेला.

घाटात काय झालं, हे मी बघितलेलं नाही. पण पाट्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते सांगता येतं. लांब उतारावर जड गाडी सारखी धरून ठेवावी लागते. ब्रेकचे ड्रम तापतात. तापून तापून लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणारी पट्टी, गुळगुळीत होतो, धरतच नाही. पॅडल पायाला घट्ट लागतं आणि गाडी मात्र चाललेलीच असते. एवढ्याशा इंजिनाचा दुसरा गिअर साडेतेराशेच्या एक्सलला किती रोखणार? गुंडूनं एका वळणावर दरीची बाजू सोडली आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. घासून घासून वेग मोडला, मग गाडी कुशीवर पडली. दरीत गेली असती तर कुणी उरलं नसतं. सगळे वाचले. गुंडूच्या छातीत स्टिअरिंग बसलं, बरगड्या मोडल्या. आणि पाट्याचा दगड कट्ट्यावरून सुटला, तो वहिनींच्या पायावर आला. पाऊल चेचलं. त्या पुढे जन्मभर लंगडल्या.

मला निरोप आला तसा मी मिळेल त्या ट्रकनं घाटात गेलो. माणसांना दवाखान्यात नेलं होतं. सामान उतरवून बाजूला रचलेलं. व्हॅन रस्त्यात आडवी, दोन्ही बाजूंना ट्रक खोळंबलेले. लोकांनी दोर लावून गाडी सरळ केली. ढकलायला लागले तर चाकं फिरेनात. कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, गिअरात हाय काय बघा की!"

मी खिडकीतून हात घातला. दांडी दुसऱ्या गिअरात होती. ओढून काढली. न्यूट्रल केली. गाडी ढकलून कडेला लावली.

हे वाक्य लिहायला मला एवढं वय व्हावं लागलं. दांडी दुसऱ्या गिअरात होती, आणि ती मी माझ्या हातानं काढली.

नंतर मोटार तपासणारे इन्स्पेक्टर आले. त्यांनी आत बसून पॅडल दाबलं, चार माणसांना गाडी ढकलायला लावली. गाडी जागच्या जागी थांबली. थांबणारच. गाडी रिकामी होती आणि ड्रम थंड झाले होते. थंड झाल्यावर तोच ब्रेक नव्यासारखा लागतो. मग त्यांनी गिअरच्या दांडीला हात लावून हलवून बघितलं. न्यूट्रलात होती.

त्या वर्षी पेट्रोल महागलं होतं. उतारावर गिअर काढून, इंजिनाला आराम देऊन गाडी सोडायची, पेट्रोल वाचवायचं आणि वाचलेलं विकायचं, अशी काही ड्रायव्हरांना सवय होती. इन्स्पेक्टरांना ती माहीत होती.

"ब्रेक तर लागतोय," ते म्हणाले. "मिस्त्री, गाडी तुमच्या हातची. तुम्हाला काय वाटतं?"

तोंड उघडायला जागा होती. गिअर मी काढलाय, साहेब, एवढं म्हटलं असतं तरी पुरत होतं. पण मग ते पुढचं विचारणार होते. गिअरात असून गाडी का थांबली नाही? मग वजन निघणार, मग काटा निघणार, मग पाटा. मी म्हणालो, "साहेब, ब्रेक तुमच्यासमोर लागतोय. दांडी तुमच्यासमोर आहे."

दुसऱ्यांदा मी असं बोललो, की ज्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

वकीलसाहेबांनी गुंडूला काढून टाकलं. बायकोचा पाय अधू झालेला माणूस, त्यांना मी दोष देत नाही. गुंडू दवाखान्यातून सगळ्यांना सांगत राहिला, मी गिअरात हुतो. पण इन्स्पेक्टरनं दांडी बघितली होती. हातात स्टिअरिंग द्यायला गावात कुणी तयार होईना. पेट्रोल चोरायच्या नादात मालकाचं कुटुंब दरीत घालत होता, असं बोललं जाऊ लागलं. कोल्हापूरला नाव ठेवायला वेळ लागत नाही. 'न्यूट्रल गुंडू' म्हणायला लागले. ते नाव मी ठेवलं नाही. पण चहाच्या गाड्यावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सगळ्यांबरोबर हसलो.

बऱ्याच दिवसांनी तो एकदा माझ्याकडे आला. भर दुपारी, भट्टी चालू होती. वाळला होता. भट्टीपासून जरा लांब उभा राहिला.

"मिस्त्री, एक इचारायचं हुतं. गाडी सरळ केली तवा दांडी कशात हुती?"

मी ऐरणीवरचा पाटा उलटा केला. "आता कुठलं आठवतंय गुंडू."

"ढकलताना कुणी तरी काढला आसंल की गिअर. न्हायतर गाडी हलंल कशी?"

"गर्दी होती. कुणी काढला असेल, नसेल."

"मला आठवतंय. दुसऱ्यात हुतो."

"मग झालं तर. तुला माहिताय ना?"

तो एक पाऊल पुढे आला. रागानं नाही. मग म्हणाला, "मला म्हाईत आसून काय उपेग? मला कोण इचारतंय? तुमास्नी इचारत्यात."

मी घण उचलला. तो गेला. पुन्हा कधी आला नाही. पुढे म्हशी सांभाळत होता, असं कानावर यायचं.

वहिनी दर दिवाळीला माझ्याकडे फराळाचा डबा पाठवायच्या. एकदा मी डबा परत द्यायला गेलो, तर पाय पुढे सोडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो मिस्त्री. दगड न्यायचा हट्ट माझाच." त्यांना वाटत होतं, मी त्यांच्या पायाकडे बघून गप्प झालोय. मी त्यांनाही तसंच वाटू दिलं. वकीलसाहेब गेले, मग त्याही गेल्या, आपलाच हट्ट नडला असं धरून.

माझा धंदा चांगला चालला. पाटा वाढवून द्यायचं काम मी त्या घाटानंतर केलं नाही. गिऱ्हाइकाला कारण सांगायचो नाही, नाही म्हणायचो. लोक म्हणायचे मिस्त्री तत्त्वाचा माणूस आहे. तेही ऐकून घेतलं.

आता कारखाना मुलगा बघतो. मागच्या उन्हाळ्यात एक तरुण जोडपं जुनी व्हॅन घेऊन आलं. हल्ली पुन्हा ती हौस आलीय. आत बिछाना, ओटा, टाकी. मी खुर्ची टाकून दारात बसलो होतो. त्यातली मुलगी म्हणाली, "आजोबा, मागून दबतेय. एक पाटा वाढवून मिळेल का?"

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. माझा मुलगा धावत बाहेर आला. ती पोरगी घाबरून नवऱ्याच्या मागे गेली. मग मी त्यांना बसवलं, दाराची पाटी शोधायला लावली, काट्यावर पाठवलं, मागची चाकं एकटी तोलून आणायला सांगितलं. परत आली तेव्हा दोघांची तोंडं उतरली होती. निम्मं सामान कमी करावं लागणार होतं. "आजोबा, बसत नाहीये," मुलगी म्हणाली.

एवढाच शब्द होता तो. वकीलसाहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडातून यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला न सांगता गडमुडशिंगीची बस धरली. गाव ओळखू येईना. स्टॉपजवळ पंक्चरचं दुकान होतं, चाळिशीतला एक गडी ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता.

"गुंडू चौगल्यांचं घर कुठं?"

"चौगले लई हायती. कुठलं गुंडू?"

"ड्रायव्हर होते."

"ड्रायव्हर?" त्यानं डोकं खाजवलं. "मग न्यूट्रलचं घर व्हय! असं म्हणा की पावणं. डेरीवरनं आत जावा, निळं दार."

मी विचारलं, "न्यूट्रल का म्हणतात?"

"काय म्हाईत. नावच हाय त्येंचं. पोराला बी न्यूट्रल, नातवाला बी न्यूट्रल."

निळ्या दारात गुंडूची बायको बसली होती. गुंडू जाऊन बरीच वर्षं झाली, हे तिनंच सांगितलं. मी नाव सांगितलं तेव्हा तिनं पदर सारखा केला, बसायला पोतं टाकलं. मी सगळं सांगितलं. पाटी, काटा, पाटा, दांडी. सांगताना तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही. ती शेंगा फोडत होती, ते हात थांबले नाहीत.

सगळं झाल्यावर म्हणाली, "मला कशापाई सांगतायसा? मला म्हाईतच हाय. मरूस्तवर त्योच सांगत हुता." मग म्हणाली, "ज्येंनी नाव ठेवलं, त्येंस्नी सांगा जावा."

ज्यांनी नाव ठेवलं त्यातलं कुणी उरलं नव्हतं. पण उठलो. चहाला ती थांब म्हणाली नाही, तेच बरं झालं. स्टॉपवर आलो तर पंक्चरवाला मोकळा बसला होता. बसला वेळ होता. मी त्याच्या बाकावर बसून त्याला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. गाडीच्या कामातलाच माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. वाढवलेला पाटा म्हटल्यावर त्यानं नुसती मान हलवली.

"म्हंजे न्यूट्रलात नव्हताच?"

"नव्हता. दुसऱ्यात होता. दांडी मी काढली."

"आयला," तो म्हणाला. "मग आता काय म्हणायचं त्येंच्या घराला?"

"चौगल्यांचं घर म्हणायचं."

त्यानं विचार केला. वाईट मनाचा नव्हता. म्हणाला, "पावणं, निम्मं गाव चौगल्यांचं हाय. पत्ता कसा कळायचा?"

तेवढ्यात बस आली.

वाटेत उत्तर सुचलं, ते आता इथे देतो. हा अंक गडमुडशिंगीत कुणाच्या हातात पडला, तर त्यानं त्या पंक्चरवाल्याला एवढं वाचून दाखवावं. निळ्या दाराचं ते घर गुंडू चौगले ड्रायव्हर यांचं आहे. फोंडा घाटात गाडीतला एकेक माणूस त्यांनी वाचवला. गाडी दुसऱ्या गिअरात होती.